विंटर टायर घ्यावेत की नाही, हे कशावरून ठरवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिवाळ्यात पारा शून्याच्या वरखाली होत राहतो, बर्फ मोसमात मोजक्याच वेळा साचतो आणि मोठे रस्ते मीठ टाकून लवकर मोकळे होतात. गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते. तिचे ऑल-सीझन टायर साधारण निम्मे झिजलेत. घर चढावर आहे आणि कामाची पाळी भल्या पहाटे सुरू होते. मग विंटर टायरचा वेगळा सेट घ्यावा की आहे त्यावरच भागवावं?

तुम्ही घ्यावा, असं माझं मत आहे. पण "बर्फ पडतो ना, मग घ्या" एवढ्यावर मी हे सांगत नाही. बर्फ पडणाऱ्या भागात राहणाऱ्या कित्येकांना मी या खर्चात पडू नका म्हणून परत पाठवतो. गेली कित्येक वर्षं टायर बसवणं, काढणं आणि झिजलेले टायर हातात घेऊन बघणं हेच माझं काम आहे. त्यावरून सांगतो, लोक चुकीच्या आकड्यावरून हा निर्णय घेतात. ते मोजतात बर्फाचे दिवस. "आमच्याकडे वर्षातून सात-आठ दिवसच बर्फ असतो, तेवढ्यासाठी चार टायर कशाला?" हा हिशोब वाटतो सरळ, पण त्यात एक गोष्ट राहून जाते. त्या सात-आठ दिवसांत गाडी बाहेर काढायची की नाही, हे तुमच्या हातात आहे का?

ज्याला त्या दिवशी घरून काम करता येतं, किंवा दुपारपर्यंत रस्ते साफ होईस्तोवर थांबता येतं, त्याचे सात-आठ दिवस प्रत्यक्षात शून्य दिवस होतात. ज्याची पाळी पहाटे पाचला सुरू होते, ज्याला रुग्णालयात पोचायचं असतं, ज्याच्या घरी कुणाला डायलिसिसला न्यावं लागतं, त्याला मात्र सगळ्यात वाईट दिवशी, सगळ्यात वाईट वेळी, बर्फ काढणारं यंत्र येऊन जाण्याआधी गाडी बाहेर काढावी लागते. दोघांच्या गावात बर्फ सारखाच पडतो, पण दोघांना लागणारे टायर वेगळे. तुम्ही दुसऱ्या गटातले आहात, शिवाय तुमच्या घरासमोर उतार आहे. माझ्या दृष्टीने निम्मा निकाल इथेच लागला.

आता टायर नेमकं काय करतो ते बघू, म्हणजे बाकीचा निकाल तुम्हालाच लावता येईल.

पहिली गोष्ट रबराची. समर टायरचं मिश्रण उन्हाच्या तापमानात घट्ट राहावं असं बनवलेलं असतं. थंडी वाढत गेली की ते कडक होत जातं आणि रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरेनासं होतं. विंटर टायरमध्ये नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचं प्रमाण असं ठेवतात की गोठणबिंदूच्या बराच खालीही ते लवचिक राहतं. फरक बघायचा असेल तर कडाक्याच्या थंडीत रात्रभर बाहेर राहिलेल्या दोन्ही प्रकारच्या टायरच्या ठोकळ्यात, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीतल्या उंचवट्यात, अंगठ्याचं नख दाबून बघा. विंटर टायरचं रबर दबतं आणि नख काढल्यावर परत वर येतं, समर टायरचं जवळजवळ हलत नाही.

इथे ७ अंशांचा नियम सगळीकडे सांगितला जातो: पारा ७ अंश सेल्सियसच्या खाली गेला की विंटर टायर लावा. लक्षात ठेवायला तो चांगला आहे, कारण दिवसा ७ अंश असेल तर पहाटे रस्ता गोठलेला असू शकतो. पण ७ ला काहीतरी बटण दाबल्यासारखं होतं अशी समजूत करून घेऊ नका. रस्ता कोरडा असेल, तर ३-४ अंशांतही चांगला समर टायर ब्रेकिंगमध्ये विंटर टायरच्या बरोबरीने किंवा त्याहून बरा थांबू शकतो. विंटर टायरचे ठोकळे मऊ आणि चिरलेले असल्यामुळे कोरड्या डांबरावर ते थोडे वाकतात. म्हणून ज्यांच्याकडे हिवाळा म्हणजे फक्त कोरडी थंडी, त्यांना निव्वळ पाऱ्याकडे बघून विंटर टायर विकणं मला पटत नाही. त्यांनी चांगल्या नक्षीचे ऑल-सीझन वापरावेत.

दुसरी गोष्ट नक्षीची, आणि खरी गंमत तिथे आहे. विंटर टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक, नागमोडी चिरा असतात, त्यांना आम्ही साइप म्हणतो. बोटांनी ठोकळा वाकवला की त्या उघडलेल्या दिसतात. चाक फिरताना जमिनीला टेकणारा भाग असाच किंचित उघडतो आणि चिरेची प्रत्येक कड बर्फाला ओरबाडते. शिवाय रुंद खाचांमध्ये बर्फ दाबून बसतो. हे बघून लोकांना वाटतं टायर भरून गेला, आता पकड गेली. भुसभुशीत बर्फावर होतं उलटंच. बर्फाचा गोळा करताना बर्फ बर्फाला चिकटतो ना, तसाच खाचेत दाबलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. ज्या टायरच्या खाचांत बर्फ टिकत नाही तो टायर भुसभुशीत बर्फावर दुबळा ठरतो.

म्हणूनच विंटर टायरची खोली फार महत्त्वाची. नवा असताना त्याची नक्षी साधारण ८ ते ९ मिलिमीटर खोल असते. बऱ्याच देशांत कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण बर्फाच्या कामासाठी ती निरुपयोगी. ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मी बर्फासाठी संपला असं धरतो. ऑस्ट्रियाच्या कायद्यातही विंटर टायर म्हणून मान्यता मिळायला ४ मिलिमीटर लागतात. कित्येक टायरांवर झिजेची एक वेगळी खूण त्याच उंचीवर दिलेली असते. बऱ्याच टायरांत साइप तळापर्यंत जात नाहीत, त्यामुळे वरचा थर झिजला की उरतो तो नुसता खाचांचा टायर. तुमचे ऑल-सीझन निम्मे झिजलेत असं तुम्ही म्हणता. म्हणजे पावसासाठी ते अजून चालतील, बर्फासाठी नाही.

तिसरी गोष्ट काचेसारख्या बर्फाची. लोकांना वाटतं जितकी थंडी जास्त तितकं घसरणं जास्त. प्रत्यक्षात सगळ्यात धोकादायक बर्फ शून्याच्या अगदी आसपास असतो, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे २० अंशांतला कोरडा बर्फ त्यामानाने टायरला बरा धरू देतो. पारा शून्याच्या वरखाली होत राहतो म्हणजे दिवसा वितळतं आणि रात्री पुन्हा गोठतं. हा हिवाळा सौम्य म्हणून सोडून देण्यासारखा अजिबात नाही. पूल आधी गोठतात, कारण त्यांच्या खालूनही गार हवा वाहते. सिग्नलपाशी, थांबण्याच्या रेषेच्या आधीचे काही मीटर तर मुद्दाम बघा. तिथे प्रत्येक गाडी ब्रेक दाबते आणि निघताना चाकं फिरवते, त्यामुळे तो पट्टा गुळगुळीत होऊन चकाकतो. मिठावर भिस्त ठेवत असाल तर तेही लक्षात घ्या की साधं मीठ उणे १० अंशांच्या आसपास फारसं काम करत नाही, आणि गल्लीबोळांची पाळी शेवटी येते.

आता तुमच्या ऑल व्हील ड्राइव्हबद्दल. "चारही चाकांना ताकद आहे, मग टायर कशाला?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की याचं उत्तर सविस्तरच देतो. ऑल व्हील ड्राइव्ह इंजिनाची ताकद चार चाकांत वाटतं, त्यामुळे गाडी जागेवरून सुटते आणि चढ चढते. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. थांबायच्या वेळी तुमची गाडी आणि शेजाऱ्याची, फक्त दोन चाकांना ताकद मिळणारी गाडी एकाच रांगेत येतात. तुमची कदाचित थोडी जड असते एवढंच. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, स्टॅबिलिटी कंट्रोल गाडी आडवी होऊ लागली तर सावरायचा प्रयत्न करतं. पण दोघांनाही रस्त्यावर जितकी पकड आहे तितकीच वापरता येते, नवी पकड तयार करता येत नाही. ती फक्त टायर देतो.

आकड्यांत बघू. हा शाळेतल्या भौतिकशास्त्राचा ढोबळ हिशोब आहे, त्यात ड्रायव्हरचा प्रतिक्रियेचा वेळ धरलेला नाही. कोरड्या डांबरावर घर्षणांक, म्हणजे पकड मोजणारा आकडा, ०.८ धरला तर ताशी ५० किलोमीटर वेगावरून गाडी सुमारे १२ मीटरांत थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर चांगल्या विंटर टायरला ०.३ मिळाला तर ३३ मीटर लागतात. त्याच बर्फावर कडक झालेल्या टायरला ०.२ मिळाला तर ४९ मीटर. नुसते "१६ मीटर जास्त" म्हटलं की फार वाटत नाही. पण विंटर टायरची गाडी जिथे पूर्ण थांबली असते, त्याच जागी दुसरी गाडी अजून ताशी २९ किलोमीटरने पुढे जात असते. तिथे समोर उभी गाडी असेल तर बंपर आणि दिवे गेले. माणूस असेल तर काय, ते मी लिहीत नाही.

हा झाला सपाट रस्ता. तुमचा रस्ता सपाट नाही, म्हणून उताराचा हिशोबही करा. १० टक्के उतार म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर १० मीटर खाली. अशा उतारावर गुरुत्वाकर्षण तुमच्या पकडीतले जवळपास ०.१ आधीच खाऊन टाकतं. विंटर टायरकडे ०.३ मधले ०.२ उरतात, दुसऱ्याकडे ०.२ मधले ०.१. ताशी ३० वेगावरून पहिली गाडी साधारण १८ मीटरांत थांबते आणि दुसरीला ३५ लागतात, म्हणजे दुप्पट. सपाट रस्त्यावर फरक दीडपट होता, उतारावर तो दुप्पट झाला. आणि ओल्या काचेसारख्या बर्फावर पकड ०.१ वर आली, तर त्या उतारावर ब्रेक दाबूनही गाडी थांबतच नाही, तोच वेग धरून खाली सरकत राहते. अशा सकाळी कुठलाच साधा टायर भरवशाचा नाही, विंटर टायरही नाही. गाडी उतारावर नेऊच नये.

ऑल व्हील ड्राइव्हचा धोका मला याच कारणासाठी वाटतो. दोनच चाकांना ताकद मिळणारी गाडी घरासमोरच चाकं फिरवून तुम्हाला सांगते की आज रस्ता वाईट आहे. चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी सहज निघते, सहज वेग घेते, आणि रस्ता किती घसरडा आहे हे तुम्हाला पहिल्या वळणावर कळतं. वळणाची गोष्टही ब्रेकसारखीच. ५० मीटर त्रिज्येचं वळण ०.३ पकडीवर ताशी ४३ ने निघतं, ०.२ वर ३६ च्या आत राहावं लागतं. गाडीला किती चाकांतून ताकद मिळते याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

दुकानात गेल्यावर काय बघायचं, तेही सांगतो. तुमच्या सध्याच्या टायरवर बहुधा "एम" आणि "एस" ही अक्षरं असतील, म्हणजे चिखल आणि बर्फ. ती अक्षरं कंपनी नक्षीच्या आकारावरून स्वतःच लावू शकते, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. तुम्हाला बघायचीय ती तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी आकृती. ती उत्तर अमेरिकेत १९९९ मध्ये आली. ती मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावर एका ठरावीक संदर्भ टायरपेक्षा जास्त पकड दाखवावी लागते. जर्मनीने २०१८ पासून बनणाऱ्या टायरांना विंटर टायर म्हणून मान्यता मिळण्यासाठी ही आकृती सक्तीची केली. पण तिचाही अर्थ जपून घ्या. ती किमान पातळीची परीक्षा आहे. काचेसारख्या बर्फावरची किंवा वळणावरची पकड त्यात मोजत नाहीत. म्हणून ही आकृती असलेले दोन टायर बर्फावर एकमेकांपासून खूप वेगळे असू शकतात. युरोपात मे २०२१ पासूनच्या लेबलवर काचेसारख्या बर्फासाठी वेगळं चित्र आलंय. ते बहुतेक नॉर्डिक प्रकारच्या टायरांवर दिसतं.

त्यावरून प्रकारांकडे येऊ. विंटर टायर हा एकच माल नाही. मध्य युरोपासाठी बनवलेले टायर ओला रस्ता, चिखलासारखा अर्धवट वितळलेला बर्फ आणि महामार्गाचा वेग सांभाळतात. नॉर्डिक टायर आणखी मऊ असतात, त्यांच्यावर साइप जास्त असतात, वेगाची श्रेणी, म्हणजे टायर जास्तीत जास्त किती वेग झेलतो ती मर्यादा, कमी असते. घट्ट बर्फ आणि काचेसारखा बर्फ यांवर ते उत्तम, पण पावसात आणि ८-१० अंशांत ते ढिले वाटतात आणि थांबायला जास्त अंतर घेतात. हिवाळ्यासाठी वेगळा टायर बनवण्याची सुरुवातही नॉर्डिक प्रदेशातच झाली. फिनलंडच्या नोकियाने १९३४ मध्ये ट्रकसाठी असा टायर काढला आणि दोन वर्षांनी छोट्या गाड्यांसाठी हाक्कापेलिट्टा आणला. महिनोन् महिने रस्ता पांढरा राहणाऱ्या भागात नॉर्डिक घ्यावेत. तुमचे रस्ते मिठाने मोकळे होतात, म्हणजे बहुतेक दिवस तुम्ही ओल्या डांबरावर असणार. तुम्हाला मध्य युरोपीय प्रकारचेच घ्यायला सांगेन. काही जण नॉर्डिक "जास्त सुरक्षित" म्हणून घेतात आणि मग तीन महिने पावसात कमी पकडीवर फिरतात, ते मला बघवत नाही.

खिळ्यांचे टायर, म्हणजे स्टड, शून्याच्या आसपासच्या ओल्या, काचेसारख्या बर्फावर सगळ्यांत पुढे असतात, यात शंका नाही. पण मोकळ्या डांबरावर ते आवाज करतात, रस्ता उगाळून धूळ उडवतात आणि कित्येक ठिकाणी त्यांना बंदी आहे. जपानने या धुळीपायीच १९९० मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदा केला. तुमच्या वापराला ते लागत नाहीत.

एक मधला मार्ग आहे आणि तो हलक्यात घेऊ नका: डोंगर-हिमकणाची आकृती असलेले, वर्षभर चालणारे टायर. उत्तर अमेरिकेत त्यांना ऑल-वेदर म्हणतात, युरोपात ऑल-सीझनच म्हणतात, त्यामुळे नावावर न जाता आकृती बघा. गेल्या दहा वर्षांत हे टायर खरोखर सुधारलेत. बर्फावर ते चांगल्या विंटर टायरच्या थोडे मागे आणि उन्हाळ्यात चांगल्या समर टायरच्या थोडे मागे असतात. सपाट शहरात राहणाऱ्या, कमी फिरणाऱ्या आणि वाईट दिवशी थांबू शकणाऱ्या माणसाला मी बहुतेक वेळा हेच सुचवतो. तुमच्याकडे उतार नसता तर तुम्हालाही हेच सुचवलं असतं.

आता पैशाचं. "दोन सेट घेतले तर दोन्ही निम्मेच झिजतात, म्हणजे जादा खर्च काहीच नाही" असं विकणारे सांगतात. यात अर्धं खरं आहे. समजा गाडी वर्षाला १५,००० किलोमीटर चालते आणि एक सेट साधारण ५०,००० किलोमीटर टिकतो. एकच सेट असेल तर तो साडेतीन वर्षांच्या आत संपतो. दोन सेट असतील तर दोन्ही मिळून साडेसहा-सात वर्षं जातात, आणि तेवढ्या वयापर्यंत नीट ठेवलेलं रबर साधारण साथ देतं. इथे हिशोब बऱ्यापैकी जुळतो.

पण तुम्ही वर्षाला ६,००० किलोमीटरच चालवत असाल तर? एकच सेट झिजायला आठ वर्षं लागतात. दोन सेट झिजायला सोळा लागतील आणि तितकी वर्षं रबर टिकत नाही. पाच-सहा हिवाळ्यांनंतर विंटर टायरचा मऊपणा कमी होत जातो, आणि मऊपणासाठीच तर तो घेतलेला असतो. म्हणजे तुम्ही दिसायला चांगली नक्षी असलेले टायर फेकून देणार. कमी चालणाऱ्या गाडीला दुसरा सेट हा पूर्ण जादा खर्च आहे, आणि तो तसाच समजून घ्यावा. शिवाय वर सांगितलेली ४ मिलिमीटरची मर्यादा धरा. विंटर टायरचं वापरण्याजोगं रबर ८ वरून १.६ पर्यंत नसून ८ वरून ४ पर्यंतच आहे. त्यात रिम, वर्षातून दोनदा चाकं बदलणं, जागा नसेल तर ठेवणावळ आणि थोडं जास्त इंधन हे सगळं मिळवा. एवढं मिळवूनही तुमच्यासारख्याला तो खर्च योग्य वाटावा असं मला वाटतं. पण "फुकटात पडतं" असं मी सांगणार नाही.

काटकसर करायची तर दोन टायरांत करू नका. फक्त पुढे विंटर टायर लावले की पुढचा भाग नीट धरतो आणि मागचा मोकळा राहतो. उतारावर वळणात ब्रेक दाबला की मागची बाजू पुढे यायला निघते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. फक्त मागे लावले तर गाडी निघते पण स्टिअरिंगला जुमानत नाही. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये तर पुढच्यामागच्या टायरांचा घेर वेगळा पडला की ताकद वाटणाऱ्या यंत्रणेवरही ताण येतो. चारच घ्या, एकाच जातीचे.

काटकसर रिममध्ये करता येते. विंटर सेटसाठी वेगळे पोलादी रिम घेतले तर दरवेळी टायर रिमवरून उतरवावा लागत नाही, टायरच्या कडा खराब होत नाहीत आणि चाकं घरीही बदलता येतात. गाडीच्या पुस्तिकेत एक इंच लहान रिम मान्य असेल तर तोच निवडा. टायर थोडा अरुंद आणि उंच मिळतो, स्वस्त पडतो, खड्ड्यात कमी फुटतो आणि साचलेला बर्फ बरा कापतो. फक्त रिम ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे चाकाच्या आतल्या ब्रेकच्या चिमट्याला, लागत नाही ना, हे आधी बसवून बघा. हवेचा दाब दाखवणारे सेन्सर नव्या रिममध्ये लागतील का, हेही विचारा. लोडची श्रेणी, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मूळ टायरपेक्षा कमी चालणार नाही, विशेषतः गाडी इलेक्ट्रिक असेल तर, कारण बॅटरीचं वजन मोठं असतं.

कायद्याचं थोडक्यात. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर लागतात. जर्मनीत तारीख नाही, रस्त्याच्या स्थितीवर आहे. जिथे सक्ती आहे तिथे "घ्यावेत का" हा प्रश्नच उरत नाही. सीमा ओलांडून जाणार असाल तर त्या बाजूचा नियम निघण्याआधी बघा. घाटरस्त्यांवर काही ठिकाणी वर साखळ्याही मागतात, आणि विंटर टायर असले म्हणून त्यातून सुटका होत नाही.

घ्यायचं ठरलं तर शरद ऋतूच्या सुरुवातीलाच घ्या. पहिला बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग लागते, तुमच्या मापाचे चांगले टायर गेलेले असतात आणि उरलेल्यांतून निवडावं लागतं. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार मी दरवर्षी बघतो. टायर हातात आल्यावर बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचा. ३५२३ म्हणजे २०२३ चा ३५ वा आठवडा. वर्ष-दीड वर्ष जुना पण नीट ठेवलेला टायर चालतो. चार वर्षं पडून असलेला स्वस्तात मिळाला तरी नको. वापरलेला विंटर सेट घेत असाल तर खोली मोजण्याचं छोटं माप सोबत न्या, चारही टायर तीन-तीन ठिकाणी मोजा आणि साइप बोटांनी उघडून बघा. कडेला बारीक भेगा दिसल्या तर तो सोडून द्या.

बसवल्यावर पहिले शंभरेक किलोमीटर जरा जपून चालवा, नव्या रबराची पकड तेवढ्यात येते. ५० ते १०० किलोमीटर झाले की चाकांचे नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने, पुन्हा तपासून घ्या. हे काम बरेच जण टाळतात आणि चाक सैल झालं की मग धावत येतात. हवा दर १० अंश पारा उतरला की साधारण ०.१ बारने कमी होते, म्हणून गाडी थंड असताना महिन्यातून एकदा तरी तपासा, आणि कडाक्याची थंडी पडली की लगेच. "बर्फावर पकड मिळावी म्हणून हवा कमी ठेवा" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने साइपच्या कडा नीट टेकत नाहीत आणि टायर कडेला झिजतो. वसंतात पारा सलग काही दिवस ७ च्या वर राहिला आणि रात्रीही गोठेनासं झालं की चाकं काढा, कारण उन्हात हे मऊ रबर झपाट्याने झिजतं आणि थांबायला जास्त अंतर घेतं. काढलेल्या चाकांवर खडूने जागा लिहा: पुढचं डावं, मागचं उजवं. रिमसकट असतील तर एकावर एक रचून किंवा टांगून, नुसते टायर असतील तर उभे, ऊन आणि विजेवर चालणाऱ्या मोटरपासून लांब ठेवा. पुढच्या वर्षी बसवायच्या आधी पुन्हा माप लावा. चारांतला एकही ४ मिलिमीटरच्या खाली असेल, तर तुमच्या उतारासाठी तो सेट संपला असं धरून नव्याची तजवीज बर्फ पडायच्या आत करा.